हात आत आहे

मी भुताखेतांवर लिहिणारी बाई नाही, हे आधीच सांगते.

गेली दोन वर्षं मी या पानावर येते, तुमचे अनुभव वाचते, मनातल्या मनात हसते आणि गाढ झोपते. स्वतः लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. खाली जे लिहिलंय ते शब्द न् शब्द खरं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. खोटं लिहून मला काही मिळणार नाहीये, आणि खरं लिहून काय जाणार आहे ते शेवटी कळेलच.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती.

रविवार होता. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन पडलं होतं. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. गाडीत मी होते.

आणि गाडीखाली माझा नवरा.

थोडं मागे जाते, म्हणजे नीट कळेल.

आमचे हे गाड्या दुरुस्त करतात. शेडमध्ये एका वेळी एकच गाडी मावते आणि हाताखाली माणूस एकच, तो म्हणजे मी. लग्नाला अकरा वर्षं झाली. निम्मा संसार स्वयंपाकघरात झाला आणि निम्मा लोकांच्या गाड्यांच्या ड्रायव्हर सीटवर. हे खाली झोपून काम करणार, मी वर बसून सांगतील ते करणार.

गाडीखालच्या माणसाचा आवाज वर नीट पोचत नाही. म्हणून आमच्यात ठोके चालतात. ह्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला नियम आहे. हातातला पाना शाफ्टवर वाजवायचा. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा, गाडीच्या पोटाखालून फिरतो तो.

एक ठोका: गियर टाक. म्हणजे शाफ्ट जागच्या जागी घट्ट होतो.

दोन ठोके: गियर काढ. शाफ्ट मोकळा.

पाना दांड्यावर खर्रकन घासला: गाडी चालू कर.

आणि तीन ठोके: थांब. कशालाही हात लावू नकोस. माझा हात आत आहे.

"तीन ऐकू आले की श्वाससुद्धा घ्यायचा नाही," असं ह्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी म्हटलं, "मग पुढचा ठोका लवकर मारा, नाहीतर वर दुसरी बायको बसवावी लागेल." तेव्हापासून शेडमध्ये हे मला 'चिमणे' म्हणतात. घरात नाही, चारचौघांत तर मुळीच नाही. फक्त गाडीखालून.

हे ठोके माझ्या हातात इतके मुरलेत की डोक्याला विचारत नाहीत. टक् झालं की हात आपोआप गियरवर जातो. एवढं लक्षात ठेवा.

आता बाबा. माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मागच्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागायचं. आमची गाडी जुनी, मागची चाकं फिरवणारी. वेग जरा वाढला की खालून जी थरथर सुरू व्हायची ती थेट बाबांच्या पाठीत. ते तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. पण मी आरशात बघायचे. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली धरलेला आणि हात सीटच्या कडेला रुतलेला.

एकदा उतरताना त्यांचे पाय लटपटले. ह्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच घरात आणलं. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "बास झालं. शाफ्टच बदलतो."

आमचा शाफ्ट लोखंडी, दोन तुकड्यांचा, मधल्या बेअरिंगवर डुलणारा. ह्यांना हवा होता अॅल्युमिनियमचा, हलका, एकसंध. नवा परवडण्यातला नव्हता. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हे चार रविवार फिरले आणि पाचव्या रविवारी एक घेऊन आले. चांदीसारखा लखलखीत. हे लग्नातसुद्धा इतके खूश दिसले नव्हते.

फक्त एक खोट होती.

दांड्याच्या मधोमध बारीक पोचे होते. कोणीतरी पान्याने मारल्यासारखे. हे बोट फिरवत मोजत होते. "तीन... मग तीन... मग परत तीन. सहा वेळा. कोण येडा एवढं ठोकत बसला असेल?"

मी तेव्हा चहा गाळत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

पोचे पडलेला शाफ्ट सरळ फिरत नाही, थरथरतोच. म्हणून हे तो बॅलन्सिंगवाल्याकडे घेऊन गेले. तो मशीनवर दांडा फिरवून बघतो आणि जिथे तोल जातो तिथे वजनाची पट्टी चिकटवतो. अर्ध्या तासात हे परत आले. चेहरा विचित्र झाला होता.

"एकही पट्टी लागली नाही," म्हणाले. "बॅलन्सिंगवाला म्हणतो, वीस वर्षांत इतका सरळ फिरणारा दांडा बघितला नाही. आणि..."

"आणि काय?"

"त्याचं मशीन हातोडीसारखं वाजतं. हा लावला तर त्याचा आवाजच येईना. त्याला वाटलं वीज गेली."

मी हसले. हेही हसले.

शाफ्ट बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाबांना घेऊन निघालो. काय सांगू तुम्हाला! खड्डा आला तरी नुसतं पाण्यावरून गेल्यासारखं. बाबा मागून म्हणाले, "जावईबापू, गाडी चालू केलीत की नुसतेच बसलोय?" आणि दहाव्या मिनिटाला ते चक्क झोपले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना बसल्या जागी झोपलेलं बघत होते. मला रडूच आलं.

तेव्हा एक गोष्ट जाणवली होती. पण आनंदात असलेल्या माणसाला अशा गोष्टी नको असतात.

बाबा घोरतात. त्यांचं तोंड उघडं होतं, छाती वर-खाली होत होती.

आणि घोरण्याचा आवाज येत नव्हता.

घरी आलो. ह्यांनी बाबांना आत नेलं. मी गाडी शेडमध्ये लावली, इंजिन बंद केलं आणि पर्स शोधत तशीच बसून राहिले.

टक्.

माझा हात गियरवर गेला. टाकला.

टक् टक्.

काढला.

मग सवयीने वाट बघत बसले, पुढचा ठोका कधी येतो म्हणून...

आणि समोर बघितलं तर हे अंगणातल्या नळावर हात धूत होते.

गाडीखाली कोणी नव्हतं. मी वाकून बघितलं. हातात चप्पल घेऊन बघितलं, उंदीर-मांजर असेल म्हणून. कोणीच नव्हतं. तो चकचकीत दांडा तेवढा पोटाखाली होता आणि अगदी हळू फिरत होता. थांबत आलेला पंखा फिरतो तसा.

"धातू गरम होतो, गार होताना वाजतो," हे म्हणाले.

"मोजून वाजतो का?"

त्यांनी नळ बंद केला आणि ते आत गेले.

नंतरच्या दोन आठवड्यांत हे चारदा झालं. नेहमी मी एकटी गाडीत असताना, नेहमी इंजिन बंद झाल्यावर. एक. मग दोन. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. एकदा पाना घासल्याचा आवाज आला. खर्रर्र. गाडी चालू कर. मी दार उघडून चप्पल न घालताच घरात पळाले.

पण तीन मात्र कधीच आले नाहीत. थांब असं त्याने मला कधीच सांगितलं नाही.

शेवटी मी ह्यांच्यासमोर रडले. म्हटलं, "काढा तो दांडा. बाबांना मी पाठीवर घेऊन जाईन, पण तो काढा." ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "येत्या रविवारी काढतो."

तोच हा रविवार.

काढायच्या आधी आम्ही ठरवलं, आज ठोके नाहीत. फक्त तोंडाने बोलायचं. मी हँडल फिरवून चारही काचा खाली केल्या. मागची चाकं जॅकने उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडांवर ठेवली. बाबा पलीकडे व्हरांड्यात खुर्चीवर रेडिओ ऐकत बसले होते. हे खाली सरकले.

चार बोल्ट होते. एक सोडवायचा तर शाफ्ट घट्ट हवा, म्हणजे गियर टाकायचा. दुसऱ्या बोल्टपर्यंत पोचायचं तर शाफ्ट फिरवायला हवा, म्हणजे गियर काढायचा.

"टाक," हे म्हणाले. मी टाकला.

"काढ." काढला.

"टाक."

"काढ."

दोन बोल्ट निघाले. मला जरा बरं वाटलं. रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं आणि बाबा त्यात आपला सूर मिसळत होते, नेहमीप्रमाणे चुकीचा.

मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मी म्हटलं, "अहो?"

उत्तर नाही.

...

मग खालून आवाज आला. "चिमणे, गियर टाक."

मी टाकला. आवाज ह्यांचाच होता. काम अडलं की येतो तो जरा वैतागलेला सूर, तोच.

"चिमणे, चालू कर."

आता तुम्ही विचाराल, शाफ्ट काढताना कोणी गाडी चालू करतं का? मलाही तो प्रश्न पडला होता. अर्धा क्षण पडला होता. पण गाडीखालच्या माणसाला उलट विचारायचं नाही, हाही उस्तादांचाच नियम. आणि 'चिमणे' म्हणणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आहे.

मी किल्ली फिरवली.

हो. फिरवली.

काहीही झालं नाही. घर्र नाही, खट् नाही. समोरचे दिवेसुद्धा लागले नाहीत. मी परत फिरवली. परत काही नाही.

आणि मग लक्षात आलं, रेडिओ ऐकू येत नाहीये. काचा खाली होत्या. बाबा समोर दिसत होते, मान डोलावत होते, ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता. समोर व्हरांड्याच्या पत्र्यावर कावळा उतरला, त्याच्या नखांचा आवाज नाही. मी स्वतः "अहो" म्हटलं, घशात कंप जाणवला, पण कानाला काहीच लागलं नाही.

मी दार उघडलं. घाबरून नव्हे. खाली वाकून त्यांना सांगायला, की अहो, गाडी चालू होत नाहीये.

पाय जमिनीला टेकला.

आणि सगळा आवाज एकदम अंगावर आला. रेडिओ, कावळा, आणि त्या सगळ्याच्या वर माझ्या नवऱ्याची किंकाळी. आणि ठोके. टक् टक् टक्. टक् टक् टक्.

मी खाली वाकले. ह्यांच्या उजव्या हाताची बाही शाफ्टच्या सांध्यात गुंडाळली गेली होती आणि हात कोपरापर्यंत आत ओढला गेला होता. हाताचा आकार हातासारखा राहिला नव्हता. डाव्या हाताने पाना धरून ते शाफ्टवर मारत होते. तीन, तीन, तीन. डोळे माझ्याकडे होते, पण मी दिसत असेन असं वाटलं नाही.

मी आत वाकून गियर काढला. दोन्ही हातांनी मागचं चाक उलटं फिरवलं. कात्री आणून बाही कापली. कसं केलं ते मला आठवत नाही. बाबा काठी टाकून धावत आले होते, हे मात्र आठवतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा धावले.

हात दोन ठिकाणी मोडला होता, पण शाबूत राहिला. डॉक्टर म्हणाले, तो दांडा आणखी अर्धा फेरा फिरला असता तर खांद्यापासून गेला असता, आणि गाडीखाली त्या जागी रक्त थांबवणं कोणाला जमलं नसतं.

हॉस्पिटलात हे मला म्हणाले, "शाफ्ट आपोआप फिरला गं. मी बोल्ट शोधत होतो आणि तो फिरायला लागला. पाच मिनिटं ओरडत होतो मी. तुला हाका मारल्या, बाबांना मारल्या. मग ठोके मारले. तुला काहीच आलं नाही ऐकू?"

"नाही," मी म्हटलं.

"मग खाली कशी उतरलीस?"

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. शेजारच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "बायकोला कळतं असलं, जावईबापू. न सांगता कळतं."

हे हसले. तेव्हापासून येईल त्या प्रत्येकाला तेच सांगतात. "हिच्यामुळे वाचलो."

तीन दिवसांनी हे घरी आले. प्लास्टर गळ्यात अडकवून पहिल्यांदा शेडमध्येच गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेले, तर बॉनेट उघडं होतं आणि हे डाव्या हाताने बॅटरीची वायर परत जोडत होते.

"वायर काढलेली होती?" मी विचारलं.

"सकाळीच काढून ठेवली होती त्या दिवशी. तुला सांगायचं राहिलं. का काढली कोण जाणे, मनात आलं एवढंच."

वायर जोडली गेली. बारीक ठिणगी उडाली.

आणि गाडीतले दिवे लागले. समोरचे लाल-पिवळे सगळे. पंखाही सुरू झाला.

किल्ली फिरवलेलीच राहिली होती.

हे काचेतून त्या दिव्यांकडे बघत राहिले. मग दार उघडून त्यांनी किल्ली बंद केली, काढली आणि माझ्या हातात आणून ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"चहा गार होईल," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बॅलन्सिंगवाल्याने येऊन तो दांडा उतरवला आणि आमचा जुना खडखडणारा शाफ्ट परत बसवला. उतरवलेल्या दांड्यावरचे पोचे मी मोजले. तीन-तीनचे सहा होते ना? आता अकरा झाले होते. त्याने ग्राइंडरने त्याचे तुकडे करून टाकायचं ठरवलं. चक्र दांड्याला टेकलं, ठिणग्या उडाल्या...

आवाज आला नाही. ग्राइंडर फिरत होता आणि शेडमध्ये चिडीचूप. त्याने दांडा तिथेच टाकला आणि पैसे न घेता निघून गेला.

हात जरा बरा झाल्यावर हे त्या जुन्या बाजारात जाऊन आले. रात्री जेवताना, ताटाकडे बघत, मला सांगितलं. तो शाफ्ट ज्या गाडीचा होता तिच्याखाली एक मिस्त्री दगावला होता. ह्यांच्याच उस्तादांकडे शिकलेला. ड्रायव्हरच्या सीटवर त्याचा सख्खा भाऊ होता. त्यानेच गाडी चालू केली.

"तो भाऊ सगळ्यांना एकच सांगतो," हे म्हणाले. "त्याच्या भावाचा आवाज आला होता म्हणे, खालून. चालू कर म्हणाला. घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. कोणी विश्वास ठेवत नाही त्याच्यावर."

माझा घास हातातच राहिला.

"मी भेटलो त्याला," हे म्हणाले. "म्हटलं, मी ठेवतो."

मग त्यांनी भाजी मागितली. मी वाढली. त्यावर आमच्यात आजतागायत एक शब्द झालेला नाही.

तो दांडा अजून आमच्याकडेच आहे. विकायचा तर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली जाणार. फेकायचा तर कोणीतरी उचलणार. म्हणून शेडच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून उभा केलाय. संध्याकाळी सगळीकडे रातकिडे ओरडतात. त्या कोपऱ्यात ओरडत नाहीत.

हे परत गाडीखाली जायला लागलेत. मी दार उघडं ठेवून, एक पाय जमिनीवर टेकवून बसते. हे खाली सतत काहीतरी बडबडत असतात, मुद्दाम, माझ्यासाठी. गप्प झाले की मी उतरून बघते. त्यांनी आता मला 'चिमणे' म्हणणं सोडलंय. मी सांगितलं नव्हतं.

बाबांना आम्ही त्याच खडखडत्या गाडीतून नेतो. त्यांची पाठ दुखते, मला दिसतं आरशात. पण तो आवाज असला की मला धीर येतो.

काल परत येताना, सरळ चांगल्या रस्त्यावर, खडखड एकदम थांबली.

गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

मी आरशात बघितलं. बाबांनी डोळे मिटले होते. तोंड उघडं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "काहीतरी बोला ना."